तालमीच्या कोपऱ्यात मशीन: निम्मा गल्ला नेमका कुणाच्या खिशातला?

समजा, एका गावच्या तालमीला वर्षाला तीन लाख रुपये कमी पडतात. हौद्यातली माती बदलायची, तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळायची, पोरांच्या खुराकाला हातभार लावायचा, यात्रेत मैदान भरवायचं, वस्तादांच्या हातावर काहीतरी ठेवायचं. वर्गणी दरवर्षी तीच घरं देतात आणि तीही कुरकुरत. अशा वेळी कुणीतरी येऊन म्हणतो, "कोपऱ्यात एक मशीन ठेवू द्या. मशीन आमचं, लाइट बिल आमचं, गल्ला निम्मा निम्मा."

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या तालमी, क्रिकेट क्लब आणि युवक मंडळं यांच्यासाठी 'जुगाराचं मशीन ठेवावं का' या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर दोन ओळींत संपतं: कर्नाटकात हे चालत नाही. पण एवढ्यावर थांबलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. गोव्यात चालतं, परदेशात तर क्लबच चालवतात, मग इथेच काय बिघडलं? म्हणून कायदा जरा बाजूला ठेवू आणि आधी मशीन उघडून बघू.

मशीन पैसे कसं खातं

अशा मशीनला पुस्तकी भाषेत स्लॉट मशीन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने तीन चक्रांचं 'लिबर्टी बेल' बनवलं. आजच्या मशीनचे ते आजोबा. त्या काळात सगळा मामला यांत्रिक होता. एका चक्रावर २० चित्रं असली, तर तीन चक्रांच्या मिळून २० × २० × २० म्हणजे ८,००० जुळण्या होतात. मोठ्या बक्षिसाचं चित्र प्रत्येक चक्रावर एकदाच असेल, तर ८,००० फेऱ्यांत सरासरी एकदा ते लागणार. ज्याला बोटं मोजता येतात त्याला हा हिशोब करता येत होता.

१९८४ मध्ये इंगे टेलनेस यांना मिळालेल्या अमेरिकन पेटंटने हा मोजता येणारा हिशोब संपवला. आता चक्र कुठे थांबायचं ते चिप ठरवते. बटण दाबताक्षणी चिप एक आकडा काढते आणि चक्र फिरतं ते केवळ डोळ्यांसाठी. प्रत्येक चक्राच्या पोटात समजा ६४ खुणांची एक अदृश्य यादी ठेवली. तीन चक्रांच्या मिळून २,६२,१४४ जुळण्या झाल्या. यादीत मोठ्या बक्षिसाच्या वाट्याला एकच खूण येते, तिच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या जागांना मात्र भरपूर. त्यामुळे बक्षिसाचं चित्र रेषेच्या जरासं वर किंवा जरासं खाली वारंवार दिसत राहतं. खेळणाऱ्याला वाटतं, थोडक्यात हुकलं, पुढच्याला येईल. प्रत्यक्षात काहीच जवळ आलेलं नसतं. प्रत्येक फेरी नव्याने सुरू होते आणि मागच्या फेरीची आठवण मशीनला नसते. "सकाळपासून दिलेलं नाही, आता देणारच" हा तर्क म्हणूनच पोकळ आहे.

दुसरी क्लृप्ती आवाजाची. पाच रुपये लावले आणि दोन मिळाले, तरी दिवे लागतात आणि घंटा वाजते. तीन रुपये गेलेले असतात, कानाला मात्र जिंकल्यासारखं ऐकू येतं.

आता 'परतावा' या शब्दाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मशीनवाला सांगतो, "नव्वद टक्के परत देतं हो, शंभरातले दहाच घेतं." हे खोटं नसतं. फक्त हे दहा टक्के माणसाने खिशातून आणलेल्या रकमेवर धरलेले नसतात, प्रत्येक फेरीला लावलेल्या रकमेवर धरलेले असतात. हजार रुपये घेऊन बसलेला माणूस पाच रुपयांच्या २०० फेऱ्या खेळतो. सरासरीने हातात ९०० उरतात. त्यावर तो उठत नाही, तेच पुन्हा लावतो. ९०० चे ८१०, मग ७२९, ६५६, ५९०, ५३१, ४७८. मिनिटाला दहा फेऱ्या धरल्या तर पाऊणेदोन तासांत निम्म्याहून अधिक रक्कम गेलेली असते. आणि हे सरासरीचं गणित. एखादा मधेच दोन हजार जिंकून उठतो आणि गावभर सांगतो. हरलेले गप्प घरी जातात, त्यामुळे गावात फिरते ती फक्त जिंकल्याची बातमी.

मटका आणि मशीन यांत फरक आहे तो या वेगाचा. मटक्यात आकडा लावला की ओपनची, मग क्लोजची वाट बघावी लागते. मधल्या वेळात माणूस शेतावर जातो, बायकोची बोलणी खातो, खिसा चाचपतो. मटका वाईटच, पण या थांबण्याने त्याला थोडा ब्रेक लागतो. मशीनला ब्रेक नाही. सहा सेकंदांत निकाल, सातव्या सेकंदाला पुढचा डाव.

तीन लाखांचा हिशोब

आता तालमीकडे परत येऊ. तिला तीन लाख हवेत आणि गल्ला निम्मा निम्मा आहे. म्हणजे मशीनमध्ये सहा लाख रुपये हरले गेले पाहिजेत. मशीन दहा टक्के राखतं, तेव्हा सहा लाख राखायला साठ लाखांची उलाढाल लागते. पाच रुपयांची फेरी धरली तर बारा लाख फेऱ्या. तासाला ६०० प्रमाणे दोन हजार तास. वर्षाच्या ३६५ दिवसांत वाटले तर रोज सुमारे साडेपाच तास त्या एका मशीनसमोर कुणीतरी बसलेलं हवं, अमावास्येलाही आणि यात्रेच्या दिवशीही.

हा 'कुणीतरी' कोण? पन्नास सभासद असतील तर प्रत्येकी वर्षाला बारा हजार, असं कागदावर दिसतं. पण तोटा असा सारखा वाटला जात नाही. बहुतेक जण चार दिवस गंमत म्हणून खेळतात आणि कंटाळतात. रोज बसतात ते दोन-चार जण. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी उत्पादकता आयोगाने २०१० च्या अहवालात असा अंदाज दिला की, अशा मशीनवर जाणाऱ्या एकूण पैशांपैकी सुमारे ४० टक्के पैसा जुगारावर ताबा सुटलेल्या माणसांकडून येतो. तेच प्रमाण इथे धरून बघा. सहा लाखांपैकी दोन लाख चाळीस हजार. अशी तीन माणसं असली तर प्रत्येकी ऐंशी हजार.

या आकड्याला गावात चेहरा असतो. त्यातला एखादा ऊसाचं बिल आलं की येणारा, एखादा भिशी उचलून येणारा, आणि एखादा तालमीतलाच जुना पैलवान. तालमीला तीन लाख मिळाले खरे, पण ते बाहेरून आले नाहीत. आपल्याच तीन घरांतून सहा लाखांच्या चाळीस टक्के उचलले, उरलेले इतरांकडून, आणि निम्मे मशीनवाल्याला दिले. तालमीच्या जमाखर्चात या ओळीला 'क्लबचं उत्पन्न' म्हणतील, पण एक रुपया मिळवायला सभासदांचे दोन रुपये घालवणारी दुसरी कुठली वर्गणी आम्हाला माहीत नाही.

शिवाय हे नव्वद टक्के कायदेशीर, तपासलेल्या मशीनचं गणित झालं. चोरून ठेवलेल्या मशीनची तपासणी कुणीच करत नाही. आतल्या सेटिंगमध्ये परतावा साठ टक्क्यांवर आणला, तरी तालमीच्या खजिनदाराला ते कळण्याचा मार्ग नाही. गल्ल्याची किल्ली कुणाकडे आणि मोजणी कुणासमोर, यावरून पहिल्या तीन महिन्यांतच भांडणं लागतात. आणि भांडण लागलं तरी दाद मागायला जागा नाही, कारण बेकायदा व्यवहाराच्या वसुलीला कोर्ट उभं करत नाही.

जिथे क्लबच मशीनवर चालतात

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ मध्ये नोंदणीकृत क्लबांना ही मशीनं ठेवायला कायदेशीर परवानगी दिली. तिथे यांना 'पोकी' म्हणतात. या पैशावर क्लबांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या, सभासदांना स्वस्तात जेवण मिळू लागलं, पोरांच्या संघांना किट मिळाले. हे नाकारण्यात अर्थ नाही. मैदानं खरोखर झाली. पण एकदा बजेट त्या पैशावर बसलं की क्लबला मशीन कमी करायला सांगणं म्हणजे पगार बंद करायला सांगणं. सुधारणेला सगळ्यात जोरात विरोध मग क्रीडा क्लबच करू लागतात. त्याच देशातल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने मात्र ही मशीनं पर्थच्या एका कॅसिनोपुरतीच ठेवली. तिथेही फुटबॉल खेळला जातोच. आणि व्हिक्टोरियात नॉर्थ मेलबर्न, कॉलिंगवुड, जिलाँग यांसारखे मोठे फुटबॉल क्लब स्वतःहून या धंद्यातून बाहेर पडले.

न्यूझीलंडने दुसरी वाट धरली. २००३ च्या कायद्याखाली क्लब आणि दारूगुत्त्यांतल्या मशीनवर एका फेरीला कमाल अडीच डॉलर लावता येतात, बक्षीस ५०० डॉलरपर्यंत, आणि उत्पन्नाचा किमान ४० टक्के हिस्सा समाजकार्याला द्यावा लागतो. त्यातला मोठा भाग खेळांना जातो. कागदावर नीटनेटकं वाटतं. अडचण अशी की मशीनं गरीब वस्त्यांमध्ये अधिक दाटली आहेत, म्हणजे मैदानाचा खर्च ज्यांना सगळ्यात कमी परवडतो त्यांच्याकडून निघतो. ब्रिटनमध्ये सभासदांच्या क्लबला जास्तीत जास्त तीन मशीनं ठेवता येतात, त्यांचाही डाव आणि बक्षीस बांधलेलं. या तिन्ही ठिकाणी मशीनची तपासणी होते, कर भरला जातो आणि सरकारची देखरेख असते. आपल्याकडच्या प्रस्तावात यातलं काहीच नसतं, फक्त "परदेशात चालतं" एवढं वाक्य असतं.

इथला कायदा

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि इथे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा चालायचा. आता कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ लागू आहे. कलम ७८ मटक्यासारख्या आकड्यांच्या धंद्याला, ७९ जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला, ८० तिथे खेळताना सापडणाऱ्याला आणि ८७ रस्त्यावर वा सार्वजनिक जागी खेळणाऱ्याला. यात्रेतल्या अंदर-बाहरच्या धाडी बहुधा ८७ खाली पडतात.

तालमीने लक्षात ठेवायचं ते ७९. इथे फक्त मशीनचा मालक गुन्हेगार ठरत नाही. जागा ज्याच्या ताब्यात आहे आणि जो ती सांभाळतो, तोही येतो. म्हणजे अध्यक्ष, सचिव आणि किल्ली सांभाळणारा पोरगाही. जुगाराची साधनं धाडीत सापडली की तिथे जुगार चालत होता असं गृहीत धरण्याची सोय कायद्यात आहे, तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मग तुमची. "नफा आम्ही वाटून घेतला नाही, पोरांच्या खुराकाला लावला" हा बचाव उपयोगाचा नाही. नफा काढला की नाही एवढंच बघितलं जातं, तो कुठे खर्च केला ते नंतर.

पत्त्यांच्या टेबलाचं काय, असा प्रश्न इथे हमखास निघतो, कारण रिक्रिएशन क्लबांत रमी चालते. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. पत्ते, टेबल, चहापाणी यांसाठी क्लबने माफक आकार घेतला तर तो नफा होत नाही. पण क्लब खेळातूनच कमाई करू लागला तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर खुर्चीचं भाडं चालेल, प्रत्येक डावामागे 'नाल' म्हणजे क्लबचा हिस्सा काढला की गोष्ट बदलली. तीन पानीला तर हा आधारही नाही.

मशीनवाले अलीकडे यातलंच एक वाक्य उचलतात आणि मशीनवर 'स्किल गेम' असं स्टिकर लावून आणतात. स्टिकर वाचू नका, एकच गोष्ट विचारा: वर्षभर सराव केलेला माणूस नवख्यापेक्षा सातत्याने जास्त जिंकतो का? कॅरममध्ये जिंकतो, चिपने आकडा काढणाऱ्या मशीनवर जिंकू शकत नाही. पैशांऐवजी पॉइंट देऊन ते शेजारच्या टपरीवर वटवले तरी प्रकार तोच.

"मग पलीकडे शिनोळीत खोली घेऊ, ते महाराष्ट्रात आहे" हाही उपाय नाही. महाराष्ट्रात १८८७ चा कायदा अजून आहे. १९७६ साली तिथे कॅसिनोसाठी वेगळा कायदा झाला होता, तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचं खरंच वेगळं आहे. १९७६ च्या कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत मशीनं आणि पुढे जहाजांवर टेबलं आली. पण सवलत आहे ती हॉटेलांना आणि जहाजांना. चोर्ला घाट उतरून मांडवीकाठी गेलात तर तिथे क्रीडा मंडळाचा कॅसिनो दिसणार नाही. आणि गोव्यातल्याच रहिवाशांना २०२० पासून त्या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे. बाहेरच्याचा पैसा चालतो, घरच्या माणसाने मात्र तिथे बसू नये, एवढं त्या सरकारलाही कळतं.

जुगार हा व्यापारच नाही, म्हणून तो करण्याचा मूलभूत हक्कही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच ठरवलं. तो खटलाही या बाजूचाच: बंगळूरमध्ये छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातल्या शब्दकोड्यांच्या स्पर्धांवर मुंबई राज्याने कर लावला, त्यावरून झालेला.

नकळत होणारे जुगार

मशीन न ठेवणारी मंडळंही दोन ठिकाणी अडकतात. पहिलं म्हणजे लकी ड्रॉ. पन्नास रुपयांचं कूपन, पहिलं बक्षीस मोटरसायकल, सोडत गणपतीच्या दहाव्या दिवशी. तिकीट विकत घ्यायचं, बक्षीस नशिबावर, म्हणजे ही लॉटरीच. सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कूपन फुकट वाटलं, किंवा सोडतीऐवजी खरी स्पर्धा घेतली, तर अडचण नाही.

दुसरं म्हणजे टी-शर्ट. टेनिस बॉल स्पर्धेत पैशांच्या गेमिंग ॲपचं नाव छापून जर्सी फुकट मिळायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. त्याच महिन्यात भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरूनही असं एक नाव उतरलं. जुन्या जर्सी पडून असतील तर बॅनरसकट बाजूला काढा.

प्रवेश फी घेऊन क्रिकेट स्पर्धा भरवणं आणि इनामी कुस्ती लावणं यात मात्र भीती नाही. खेळणारे स्वतःच्या कौशल्यावर बक्षीस मिळवतात. बांधावर उभं राहून बघणाऱ्यांनी पैज लावली की तो जुगार. मैदानात तसं चाललं असेल तर माइकवरून थांबवायला सांगणं आयोजकांच्याच हिताचं.

तीन लाख मग कुठून

मशीनवर दरमहा हजार रुपये घालवायला तयार असलेले सभासद असतील, तर दरमहा शंभर रुपये देणारे त्याहून बरेच जास्त असतात, फक्त त्यांच्याकडे दरमहा कुणी मागायला जात नाही. वर्षातून एकदा पाचशे मागण्यापेक्षा महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने पन्नास मागणं सोपं जातं. २५० घरांचे पन्नास रुपये म्हणजे वर्षाला दीड लाख. हिशोब दर महिन्याला तालमीच्या फळ्यावर लागला पाहिजे, नाहीतर चौथ्या महिन्यात ओघ आटतो.

उरलेल्या दीड लाखासाठी कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी त्यांना खर्च कराव्या लागणाऱ्या पैशाचा, विचार करा, पण नीट समजून. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळांचं 'प्रशिक्षण' आहे. म्हणजे वस्तादांचं मानधन, मॅट, व्यायामाचं साहित्य बसतं. मैदानातल्या बक्षिसाची रक्कम बसवायला गेलात तर अर्ज परत येतो. तालीम सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून नोंदलेली हवी, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे आणि सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा. सहकारी साखर कारखान्याकडे सीएसआर मागू नका, तो कंपनी कायद्यात येत नाही. त्याच्याकडे साधी देणगी मागा. ८०जी असली तरी दोन हजारांपुढची रोख देणगी देणाऱ्याला करसवलत देत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय घ्या.

आणि एखादा सभासद आधीच अडकला असेल तर? उसने मागण्याची कारणं दर आठवड्याला बदलतात, व्यायामाच्या वेळा चुकतात, मोबाइल उलटा ठेवला जातो. अशाला वर्गणी काढून कर्ज फेडून देऊ नका. हातात पैसा आला की तो तिकडेच जातो. सावकाराशी घरच्यांनी बोलावं, पगार किंवा ऊसबिल घरातल्या दुसऱ्याच्या खात्यावर वळवावं आणि त्याला धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत न्यावं. एवढ्या लांब जायला तो तयार नसला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर आधी घरच्यांनी फोन केला तरी चालतो.